चंद्र चुकला असेल, मी नाही

कोपर, डोंबिवली पश्चिम
कोजागिरी होऊन गेली, वसुबारस यायची आहे

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. माझे गुडघे अजून जमिनीपर्यंत जायला तयार नाहीत, आणि ते का, हे आता आपल्या सगळ्या खानदानाला माहीत आहे.) तुझी तब्येत कशी आहे? पायावरची सूज उतरली का? वहिनी तुला अळणी खायला घालता घालता स्वतःच वाळली नाही ना? माझ्याकडचं सगळं क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून काय ते ठरव.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. परवा तू मला 'आपली माणसं' या ग्रुपमधून काढून टाकलंस, फोन उचलेनास, म्हणून पत्र. तू ॲडमिन आहेस, तुझा अधिकार. पण जन्मापासूनची बहीण अंगठ्याच्या एका टिचकीत बाहेर, आणि तो भिवंडीचा चुलतमामा, जो रोज पहाटे तेच गुलाबाचं फूल पाठवतो, तो मात्र आत! असो. हे पत्र देवयानी स्वतः तुझ्या हातात देईल. (सुनेवर रागावू नकोस. तुमच्या घरात सध्या तेवढीच एक शहाणी आहे.) पत्रातून मला काढता येत नाही, एवढं लक्षात ठेवून शेवटपर्यंत वाच.

माझ्यावर तुझे आरोप दोन. एक, या वयात मी स्टेडियमभर लोकांसमोर नाचले आणि तो व्हिडिओ तुझ्या व्याह्यांपर्यंत पोचला. दोन, मी संकष्टीचा उपास चंद्रोदयाआधी सोडला, आणि ती संकष्टी मी तुझ्या बायपासनंतर तुझ्याच हृदयासाठी धरलेली, तेव्हा आता तुझं काही बरंवाईट झालं तर जबाबदार मी. व्हिडिओ पाहिल्यापासून तू दिवसातून चारदा बीपी मोजतोस, असं कळलं. आता माझी बाजू ऐक.

मुळात मला या नादाला लावलं कुणी? मी काय आईच्या पोटातून 'आयर्न हेरन' बँडची गाणी ऐकत आले होते? कॉलेजात असताना कुणाकडून तरी ती कॅसेट तूच आणलीस. आई दुपारी लवंडली की आपण टेपरेकॉर्डरवर उशी दाबून ऐकायचो, आणि बाबा विचारायचे, "ते लोखंडी बगळे आज पुन्हा बोंबलणार का?" मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे मार्क पडले ते त्या बगळ्यांच्या कृपेने, हे तूच पेढे वाटताना सांगितलं होतंस. हे लोक कधी आपल्याकडे येतील असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते आले, थेट नव्या मुंबईत आले, देवयानीने आपल्या दोघांची तिकिटं काढली, तू लहान मुलासारखा खूश झालास, आणि आदल्या संध्याकाळी मेसेज टाकलास की आपल्या वयाला हे शोभत नाही, तूही जाऊ नकोस. दादा, डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि तू ऑपरेशन झाल्यापासून माजिवड्याच्या त्या टॉवरमधून खाली उतरलेला नाहीस. शोभण्याचा प्रश्न कुठून आला? मी चिडले, आणि चिडले म्हणून एकटी गेले.

आता त्या दिवशी नेमकी संकष्टी, यात माझा काय दोष? बगळे कॅलेंडर बघून दौरा ठरवत नाहीत. मी दिवसभर पाण्यावर होते. उकडीचे मोदक केले, डबा घेतला, रुमालाच्या टोकाला दूर्वांची जुडी बांधली, आणि टॅक्सीने शिळफाट्यापर्यंत आले. तिथे जे अडकलो ते अडकलोच. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, सत्संगाला का?" मी म्हटलं, हो, बगळेमहाराजांचा. त्याने आदराने गाणी बंद केली. गेटवर पोचले तर तिथल्या वर्दीतल्या बाईने डबा धरला. "मावशी, खायचं आत न्यायचं नाय." मी म्हटलं, हे खायचं नाही, नैवेद्य आहे. तर म्हणते, "मग देव काय आत बसलाय?" मी तिला विघ्नहर्त्याबद्दल बरंच काही सांगितलं, मागची रांग शिट्ट्या मारायला लागली, शेवटी तडजोड झाली. डबा तिच्या टेबलाखाली, आणि एक मोदक चष्म्याच्या घरात घालून मी आत. (परत येताना डबा रिकामा आणि घासून पुसून मिळाला. मोदकाला नारळ थोडा कमी पडलाय, असंही तिने सांगितलं.)

आत काय सांगू! तुला वाटतं तसं नुसतं पोरांचं राज्य नव्हतं. आपल्या वयाची, टकलाची, कमरेला पट्टा बांधलेली माणसं ढिगाने होती. माझ्या उजव्या हाताला कल्याणची रचना नावाची मुलगी आणि तिचा नवरा. तिने लाल साडीवर बगळ्याचा काळा टी-शर्ट चढवलेला, हातभर मेंदी, कारण त्यांची त्या दिवशी करवा चौथ. ती नवऱ्यासाठी उपाशी, मी भावासाठी. तिची चंद्र बघायची चाळणी गेटवर गेली होती, पण पर्समध्ये लपवलेली चहाची गाळणी वाचली होती. दोघींचं एका मिनिटात जमलं. नवरा मध्येमध्ये मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ बघत होता, आणि समोर बगळे असे काही वाजवत होते की माझ्या बरगड्या आतून थरथरत होत्या. पोटात अन्न नसलं की ढोल थेट आत वाजतो, हे मी अनुभवाने सांगते.

मग ते संथ गाणं लागलं. सगळे दिवे गेले, आणि स्टेजच्या मागून तो उगवला. पिवळाधमक, मोठा, अंगावर डागसुद्धा जिथल्या तिथे. वेळ पंचांगातली, आकाश काळं, आणि स्टेडियमात पूर्व कुठली पश्चिम कुठली हे मला कोण सांगणार? रचना किंचाळली, "आंटी, चाँद!" तिने गाळणी डोळ्याला लावली. मी कागदी पेल्यातल्या पाण्याने अर्घ्य दिलं, ते पुढच्या दाढीवाल्याच्या बुटात गेलं. (तो मागे वळून "थँक यू आजी" म्हणाला. उकाडाच तसा होता.) दूर्वा वाहिल्या, आरती मनातल्या मनात म्हटली, तुझं नाव घेतलं, तुझं हृदय सांभाळ म्हटलं, आणि मोदक तोंडात टाकला. रचनाला नवऱ्याने पाणी पाजलं. एवढं सगळं यथासांग होतंय तोवर चंद्र हिरवा झाला. मग जांभळा. मग मधोमध उघडला, आणि आतून गिटारवाला उतरला. दोन्ही बाजूंनी जाळ निघाला, आणि सगळं स्टेडियम उड्या मारायला लागलं.

रचनाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. नवरा हातात पेढा धरून म्हणाला, "अब?" ती म्हणाली, "अब क्या, निगल गई मैं." आम्हाला दोघींना असं हसू फुटलं की उभं राहवेना, आणि तिने माझा हात धरून मला ओढलं, आणि दादा, मी नाचले. चक्कर आली म्हणून नाही, कुणी बळजबरी केली म्हणून नाही. त्या दाढीवाल्याने जो व्हिडिओ काढला त्यात मी चंद्राला हात जोडते तिथपासून केस सोडून डोकं हलवते तिथपर्यंत सगळं खरं आहे. खाली कुणीतरी 'आजी रॉक्स' लिहिलंय ते माझ्याबद्दलच आहे. तुझ्या व्याह्यांना सांग, पुढच्या वेळी विचारलं तर त्यांनाही नेईन.

आता उपासाचं. खरा चंद्र नंतर आला. पूर्वेच्या स्टँडवर, दिव्याच्या खांबाच्या आडून, छोटासा, फिक्कट, आमंत्रण नसताना लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून. मी पेल्यातलं उरलेलं पाणी त्यालाही दिलं. म्हणजे एका चतुर्थीला दोन चंद्रांना अर्घ्य. तुझ्या हिशेबाने व्रत मोडलं असेल, माझ्या हिशेबाने दुप्पट झालं. आणि गणपती काय बाळ आहे, की मी कुणासाठी उपाशी होते ते त्याला कळू नये?

आणि वयाचं. त्यांचा तो गायक तुझ्यापेक्षा मोठा आहे. मध्येच थांबून त्याने माइकवर सांगितलं की गेल्या वर्षी माझं हृदय उघडून शिवलंय, आणि शर्टाची बटणं काढून तो व्रण दाखवला. गळ्याखालून सरळ रेघ, तुझ्यासारखीच. मग पाणी प्यायला, आणि पुढचं गाणं अख्खं म्हटलं. धापा टाकत म्हटलं, दोन ठिकाणी सूर गेला, पण म्हटलं. मला तिथे रडू आलं. ते व्हिडिओत नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा माफी मी मागणार नाही. माफीचा एक शब्द या पत्रात सापडला तर मी दिवा विझवून झोपेत लिहिला असं समज. वहिनीला नमस्कार, देवयानीला आशीर्वाद, आणि ग्रुपवर राहिलेल्यांना माझी आठवण सांग.

तुझी (ग्रुपबाहेरची)
वासंती

ता.क. दुप्पट व्रताबद्दल मी आपल्या गुरुजींना विचारलेलं नाही. ते भलतंच काही सांगतील. पुढची संकष्टी करणार आहेच, घरच्या गच्चीवरून, चांगला दोनदा चष्मा पुसून.

आणखी एक ता.क. भाऊबीज आली. ऑपरेशन झाल्यापासून मी ताट घेऊन तुझ्याकडे येते, लिफ्टमध्ये निरांजन सांभाळत. यंदा येणार नाही. भावाने बहिणीकडे जायचं असतं, ही रीत तुझ्या बायपासच्याही आधीची आहे. तू कोपरला यायचंस. साडी नको, पाकीट नको. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात, पण मला भाऊ आहे, आणि चंद्राचं माझं सध्या जरा बिनसलंय.

शेवटचं. देवयानीला मी सांगितलं की तुझं तिकीट कुणा गरजू पोराला दिलं. नाही दिलं. तुझी खुर्ची रिकामीच होती. कुणी विचारलं की मी म्हणायची, "आहेत, येतायत." उशी दाबून ऐकायचो ते आपलं गाणं सुरू झालं तेव्हा सगळे उठले आणि मी खाली बसले, त्या खुर्चीवर हात ठेवून. नाचबीच तेव्हा काही सुचलं नाही. दादा, तू घाबरला आहेस हे मला कळतं. तू वर बसून राहिलास तर काय, या विचाराने मीही घाबरते, म्हणून तर दर महिन्याला उपाशी राहते. रिक्षा अगदी दारात येते. माझा जिना चढवत नसेल तर चढू नकोस. मी ताट घेऊन खाली येते आणि तुला गेटपाशीच ओवाळते. वॉचमन बघेल, समोरच्या बिल्डिंगमधले बघतील. बघू देत.