लसणाची पावडर आणि अहेरीचे पाहुणे

११ एप्रिल २००४, सकाळ
आजपासून घरात लसूण सोलणे बंद. नागपूरच्या लग्नात आचाऱ्याकडे लसणाची पावडर पाहिली. चमचाभर टाकली की काम फत्ते. बायकोचे कष्ट वाचतील. कमळाला सांगितलं. ती पाट्यावर लसूण वाटत होती. वाटतच राहिली.

१४ एप्रिल
घरातला सगळा लसूण मीच सोलला, चिरला, अंगणात खाटेवर वाळत घातला. बोटांची आग. तोच हात डोळ्याला लागला. दिव्यानी म्हणाली, बाबा, सोलणं बंद होतं ना. पोरीला प्लॅनिंग कळत नाही.

२० एप्रिल
मिक्सरमध्ये पावडर केली. फर्स्टक्लास. संध्याकाळी त्यातच आंब्याचा रस काढला. कोणी प्यायला नाही. मिक्सरच खराब असावा.

२ मे
पुढच्या रविवारी अहेरीहून पाहुणे दिव्यानीला बघायला येणार. मुलगा निकेश, शाळेत मास्तर. चांगलं स्थळ. माशांचा रस्सा मी करणार, पावडर घालून. कमळा म्हणाली, "पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. त्या दिवशी तरी तुमी चुलीपासून दूर राहा." माझ्या तब्येतीची फार काळजी तिला.

९ मे, दुपार
तलावातला ताजा रोहू. तेल कडकडीत तापवलं, पावडर टाकली. क्षणात काळी. म्हणून आणखी टाकली. धूर. पाहुणे खोकत अंगणात. रस्सा चाखला. कडू जहर. कमळानं पातेलं उचलून मागे नेलं, शेजारच्या देवकाबाईकडून लसूण मागून आणला, वाटला आणि उरलेल्या माशांचा रस्सा केला.
पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. निकेशच्या आईनं विचारलं, कोणी केला. मी घसा साफ करतो तोवर दिव्यानी म्हणाली, "आईनं. बाबांनी धूर केला."
निकेश पोट धरून हसला. जाताना पसंती सांगून गेले. म्हणजे पावडर कामी आलीच. धुरानं वातावरण मोकळं झालं.

३० मे
साखरपुडा. विहीणबाईंना पावडरीची बरणी भेट दिली. त्यांनी वास घेतला, लगेच झाकण लावलं. जपून वापरणार.

२० जून
हवा दमट. आमच्या बरणीत पावडरीचा दगड झाला. चमचा वाकला. शेवटी खलबत्त्यात कुटत बसलो. कमळा म्हणाली, "कुटाचाच होता, तं ओलाच काऊन नाई कुटला?" मी आणखी जोरात कुटलं.

४ जुलै
लग्नाची तारीख ठरवायला अहेरीला. जेवणात पावडर जाणवली नाही. न राहवून विचारलं. विहीणबाईंनी कौतुकानं तांदळाच्या कोठीजवळ नेलं. तांदळात फडक्याच्या पुरचुंड्या, पुरचुंड्यांत माझी पावडर.
"सोंडे-किडे नाई लागत तांदळाले, भाऊ. आनखी पाठवजा."
पाठवतो म्हणालो. निघताना त्यांनी पिशवीभर तांदूळ दिला.
घरी कमळानं विचारलं, आवडली का त्यांना पावडर. हो म्हटलं. तिनं त्याच तांदळाचा भात केला. गुमान जेवलो. सोंडा एकही नव्हता.