थाळीकडे वळणारा अर्णव

शनिवार, संध्याकाळ

काकांनी आज पुन्हा विचारलं, "कानच तपासूचे मां? तेका आणि दोन वर्सां शिकूक कित्याक व्हयी?" ऑडिओलॉजीच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय आणि मी जाणार आहे.

त्यांचा दीड वर्षाचा नातू अर्णव अजून एक शब्द बोलत नाही. त्याचे कान तपासू या म्हटलं, तर काकांनी त्याच्या शेजारी थाळी वाजवली. तो वळला. "बघ, ऐकता बरो!"

मी थाळी घेतली आणि त्याच जागी न वाजवता नुसती हलवली. तो वळला. मग त्याला दिसणार नाही अशी पाठीमागे धरून जोरात वाजवली. तो खेळतच राहिला.

"खेळात आसा तो," काका म्हणाले.

खेळात! माझं चुकत असेल का? एका थाळीवरून निदान होत नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच तपासणी हवी. म्हणूनच ती दोन वर्षंही हवीत.

भांडी घासताना अर्णवची आई, माझी वहिनी, हळूच म्हणाली, "सोमवारी ओरोसची गाडी कितक्या वाजता आसा गो?"

ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, कान तिथे तपासतात. काकांना विचारू या, असं ती म्हणाली नाही. मीही नाही.

"सकाळचीच धरूया," म्हटलं. "मी येतंय."