कुपी आणि तुमचा पाय

सर,

सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय. काल माझ्या विद्यार्थिनीकडून अँटीबॉडीची कुपी फ्रिजबाहेर राहिली, फुकट गेली, आणि "दुसरी मागवू या, मॅडम" म्हणून ती मोकळी झाली. तिचा राग यायला हवा होता. आला तुमचा.

चौऱ्याऐंशी साल असेल, रत्नागिरीतलं आपलं कॉलेज. तुमच्या मित्राने परदेशातून पाठवलेली ती करंगळीएवढी कुपी. पेशीतून इन्सुलिन बाहेर पडायला जे प्रथिन मदत करतं, नेमकं त्यालाच ही अँटीबॉडी चिकटते, मग रंग दिला की ती जागा तपकिरी दिसते, हे तुम्ही मला कितीदा समजावलं असेल. "माशातही ते आहे का, एवढंच बघायचंय," म्हणायचात. तुम्हाला स्वतःला मधुमेह, टाचेला जखम, मुंबईच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली. आणि नेमका त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला.

कुपी गार राहावी म्हणून मी जेटीवरून थर्मासमध्ये बर्फ आणतेय. बर्फवाला विचारतो, "बाय, येवड्याशा बर्फात कुठली मासली ठेवनार?" मी हसते. परत येते तर तुमच्या घरून काकू येऊन दारात उभ्या. "अगो, तू तरी सांग त्यांना मुंबईला जायला. तुझं ऐकतील हो." मी सांगितलं, तर माझ्यावरच डाफरलात. "पाय दोन दिवस थांबेल, हे थांबायचं नाही. शिकायचं असेल तर ही काचपट्टी धर." मी धरली. ते दोन दिवस तुम्ही त्याच पायावर उभे होतात.

रंग आला तेव्हा पाय शेजारच्या स्टुलावर टेकवून तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंत. "आहे गो, माशातही आहे. दिसलं?" "दिसलं, सर."

पुढे पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि वर्षभरात तुम्हीही गेलात. त्या दोन दिवसांनी काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते मानलं. मी अजून मानत नाही, आणि त्यावरून तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं.

वर्गात मी दरवर्षी त्या तपकिरी ठिपक्यांचं वर्णन करते. मुली वहीत उतरवून घेतात. हे पत्र पाठवायचं नाहीच आहे, तर सांगून टाकते. ते ठिपके मी पाहिलेच नाहीत. एक डोळा भिंगाला लावला तरी दुसरा मिटायचा नाही, ही शिकवण तुमचीच. त्या दुसऱ्या डोळ्यासमोर तुमची टाच होती, पट्टी भिजलेली. मी तेवढंच पाहिलं.