भुऱ्याची गादी

कारंजा लाड
१४ जुलै २०२४

चि. सौ. राखीस साधनाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे. काल राजूचा फोन आला. भुऱ्याच्या मांडीवर तळहाताएवढा ओला चट्टा पडलाय, त्याचा वास येतो, आणि त्याला जऊळक्याच्या स्टेशनवर सोडून यायचं तू म्हणत होतीस, असं त्याने सांगितलं. राखी, आई गेली त्या वर्षी बाबांना सोबत हवी म्हणून ते केसाळ पिल्लू मी टोपलीत घालून आणलं होतं. स्टेशनवर सोडायचंच असेल तर आधी मला कळव, मग बघते.

आमच्या गल्लीत जनावरांचे डॉक्टर रविकांत राहतात, त्यांना विचारलं. ते याला हॉटस्पॉट म्हणतात. केसाळ कुत्र्याला पावसाळ्यात हमखास होतो म्हणे. गोचीड नाहीतर पिसू चावते, कुत्रं तिथे चाटतं, दाताने खाजवतं, केस ओले राहतात आणि खालची कातडी बघता बघता सडते. चट्ट्याभोवतीचे केस कात्रीने बारीक काप, चांगली कातडी दिसेपर्यंत. मीठ घालून उकळलेलं पाणी गार कर, त्याने धू आणि स्वच्छ फडक्याने टिपून घे, घासून पुसू नकोस. उघडं राहू दे. तेल-हळद अजिबात लावायची नाही, तेलाने ओल आत कोंडते. तरी पसरलाच तर जनावरांच्या दवाखान्यात ने.

दिवाळीत आपलं फोनवर वाजलं, तेव्हा बाबांनीच ठरवून दिलं की नणंद-भावजयींनी फोनवर बोलायचं नाही, पत्र लिहायचं आणि आलेलं पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं. म्हणून सभ्य शब्दांत लिहिते आहे, नाहीतर मनात बरंच आहे. बाबांना शि. सा. नमस्कार.

लोभ आहे तितका पुरव, संपला तर आणखी धाडीन.
तुझी,
साधना


अनसिंग
२२ जुलै

सौ. साधनाताईंना राखीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मामाजींच्या खाटेपाशी बसून मोठ्यानं वाचलं. दिवाळीनंतर लकवा मारला तवापासून त्यांचं बोलणं गेलं, मोतीबिंदूनं दिसणंबी गेल्यासारखंच, पण पोस्टमन दारात आला की त्यांले बरोबर समजते. माहं वाचणं संपलं तरी डावा हात हालवून अजून आहे का म्हणून विचारत होते.

भुऱ्याले स्टेशनवर सोडाचं मी म्हटलं होतं, खोटं कायले बोलू. वासानं घरात घास जात नव्हता. पण तुमच्या भावानं काय केलं ते त्यानं सांगतलं नसंल. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं त्याच्या अंगाले, जनावराच्या खरजीले इकडं लावतात तसं. कुत्र्यानं ते चाटलं अन् ओकत राह्यलं. म्हणे आमच्या आजोबापासून हेच औषध आहे. मी म्हटलं, आजोबाचं कुत्रं किती जगलं तेबी सांगा.

मंग तुमी लिहिलं तसं केलं. केस कापतानी त्यानं माह्या मनगटाले दात लावला, मलेच सुया घ्या लागल्या. वरून दिसत होता त्याच्या दुप्पट चट्टा केसाखाली निघाला. मिठाच्या पाण्यानं धुते, टिपते, पंख्यापुढं बसवते. तुमचं कुत्रं माह्यापेक्षा मजेत आहे.

मामाजींचं माकडहाडापाशी लाल झालं आहे. खाटेवर प्लास्टिक अंथरा लागते ना, घाम तिथंच मुरते. तुमचं नाव निघालं की ते दाराकडं बोट करतात, ताई कवा येते म्हणून. वाशिमच्या दवाखान्यात पाह्यलं त्यानंतर तुमी आल्या नाही. एक दिवस येऊन जा.

लोभ ठेवा, अन् पायबी इकडं वळवा.
तुमची,
राखी


कारंजा लाड
३० जुलै

चि. सौ. राखीस अनेक आशीर्वाद.

राजूलाच एकदा जळकं ऑइल पाजायला हवं. तू केलंस ते ठीक केलंस, पण केस कापताना तोंड बांधायचं असतं, एवढं तर समजायला हवं.

आता पुढचं. तो चाटायचा थांबला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड काप आणि ती त्याच्या गळ्यात घाल, म्हणजे तोंड मांडीपर्यंत पोचणार नाही. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघ. मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून आण आणि ते सांगतील तसं दर महिन्याला टाक. आणि त्याला एकाच जागी पडून राहू देऊ नकोस. पोत्यावर पडून पडून खालची बाजू घामेजते. कूस बदलव, अंगाखाली कोरडं आहे ना ते बघ. बिचाऱ्याला तोंडाने सांगता येत नाही, आपणच ओळखायला हवं.

त्याच्यासाठी इथल्या गादीवाल्याकडून चांगल्या कापसाची मऊ गादी भरून घेतली आहे, वर सुती खोळ. वाशिमच्या गाडीत कंडक्टरजवळ देते, राजूला स्टँडवर उभा कर.

शाळेत तपासणी आहे, इतक्यात यायला जमणार नाही. तू बाबांचं बघतेसच. त्यांना नमस्कार सांग.

लोभाची आठवण करून द्यायला लागू नये.
तुझी,
साधना


अनसिंग
९ ऑगस्ट

सौ. साधनाताईंना राखीचा सा. न. वि. वि.

गादी पोचली. लई मऊ आहे, चांगल्या कामी आली.

भुऱ्याच्या गळ्यात बादली घातली. दारातून जातानी चौकटीले ठोकते, पाणी प्याले गेला की अख्खं भांडं बादलीत. मामाजींले काही दिसत नाही, पण ठकठक ऐकून तोंडाच्या डाव्या बाजूनं हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा हसले. चट्ट्यावर खपली धरली आहे. कानातून गोचीड काढले तर वाटीभर निघाले.

मामाजींच्या पाठीची कातडी फुटली. बोराएवढी जखम आहे, पाणी सुटते. दवाखान्यातली निता सिस्टर येऊन पाहून गेली, मलम देऊन गेली. तुमी कुत्र्याचं लिहून राह्यल्या, तेच मी त्यांचं करून राह्यली. कुशीवर वळवते, कोरडं ठेवते, टिपते, पुसत नाही. तुमच्या पत्रांचा फायदा दोघांलेबी झाला म्हणा.

ताई, आता सरळच लिहिते. त्यांच्या जिवाले दुसरं काही नको. जेवण नको, टीव्ही नको. फोन कानाशी धरला तर बोलता येत नाही म्हणून सारतात. लेकीचा आवाज समोरून पाह्यजे. तपासणी दरसाल येते, बाप दरसाल राहत नाही. राखीपुनवेले तुमीच इकडं या, तुमच्या भावाले तिकडं बोलवू नका.

लोभ आहेच, आता उंबऱ्याले पाय लावा.
तुमची,
राखी


कारंजा लाड
२१ ऑगस्ट

चि. सौ. राखीस आशीर्वाद.

राखीपौर्णिमेला राजू येऊन गेला. जेवताना सहज बोलून गेला की ताईची गादी बाबांच्या अंगाखाली छान बसली. माझा घास हातातच राहिला. मी गादी कोणासाठी पाठवली होती? खोळीवर दोऱ्याने भुऱ्याचं नाव घातलं होतं, ते तुला दिसलं नाही? उद्या अनसिंगभर होईल, की मास्तरीण लेकीने बापाला कुत्र्याची गादी धाडली. बाबांसाठी हवी होती तर एक ओळ लिहायची, दुसरी भरून पाठवली असती. पण नाही. गुपचूप उरकायचं आणि वर मला लिहायचं की चांगल्या कामी आली.

स्पष्टच लिहिते. बाबांना आता काय समजतं? त्यांच्याखाली गोधडी काय आणि गादी काय, त्यांना सारखंच. त्या मुक्या जनावराला मात्र कळतं, ठणकतं. डॉक्टर म्हणाले, एकदा झालेला चट्टा पुन्हा उलटतो. म्हणून रोज विंचर, भिजला की केसांच्या मुळापर्यंत कोरडा कर, बांधून ठेवू नकोस. कंटाळलेलं कुत्रंसुद्धा अंग चाटत बसतं. आणि त्याची गादी त्याला दे.

मला सारखं ये, ये लिहू नकोस. येऊन मी काय करणार आहे?

लोभ आपोआप टिकत नसतो, हे ध्यानात ठेव.
साधना


अनसिंग
२९ ऑगस्ट

साधनाताईंना राखीचा नमस्कार.

तुमाले एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. तुमचं पत्र वाचून झालं की दरवेळी दोन ओळी मी माह्या मनच्या जोडत होती. बाबा, तुमची पाठ कशी आहे. बाबा, मला तुमची फार आठवण येते, मी लवकरच येते. तुमच्यासारखं शुद्ध म्हणत होती. कुत्र्याचं सारं पुराण मामाजी त्या दोन ओळींसाठी ऐकून घेत.

या बारीनं मले राग आला. सारं पत्र जसंच्या तसं वाचलं. बाबांना आता काय समजतं, तेबी वाचलं. संपल्यावर त्यांनी हात हालवला, अजून आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही, अन् आधीबी नव्हतं, ते मीच लावत होती. असं बोलाले नको होतं. पण तोंडातून निघून गेलं, अन् खरं सांगू, त्या घडीले मले बरंबी वाटलं.

मामाजींनी डाव्या हातानं खालची गादी ओढाले सुरवात केली. कड धरून ओढतच राह्यले. तुमच्या भावानं समजावलं, मी पाया पडली. शेवटी काढा लागली. आता अंगाखाली गोधडी आहे अन् तिच्याखाली तेच प्लास्टिक. कुशीवर वळवाले गेलं की अंग ताठ करतात. जखम आत गेली. निता सिस्टर म्हणाली, हाड दिसाले लागलं आहे, घरी भागणार नाही. वाशिमले न्या म्हटलं तर ते खाटेची कड सोडत नाहीत.

भुऱ्याचं तुमी विचारालच, म्हणून लिहिते. चट्टा भरला, नवे केस आले. रोज विंचरते, ओला राहू देत नाही, मोकळा फिरते. गादीवर आता तोच झोपते. तुमच्या मनासारखं झालं.

मामाजी दाराकडं बोट करत नाहीत.

लोभाचं यावेळी तुमीच पाहा.
राखी


कारंजा लाड
४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या चरणी साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्हाला आहे. राखी, असंच्या असं वाच, तुझं काही जोडू नकोस.

बाबा, मी लिहिलं ते फार वाईट लिहिलं. तुम्हाला सगळं समजतं, हे मला माहीत आहे. वाशिमच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे वळून तोंड उघडलंत आणि शब्दच आला नाही. ते मला पुन्हा बघवणार नाही, म्हणून मी येत नव्हते. भुऱ्याचं विचारणं सोपं होतं. त्याचा चट्टा बरा होणारा होता. राखी तुमच्या पाठीचं लिहायची आणि मी ती ओळ सोडून पुढची वाचायची.

मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही ऐन पेरणीत शेतावर गेला नाहीत. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून दिवसभर वारा घालत बसला होतात. तुमची लेक तुम्हाला एक गादी द्यायची, तीही कुत्र्याच्या नावाने देते. बाबा, ती गादी खाली घ्या. माझ्यासाठी घ्या.

घरी महालक्ष्म्या बसतात, त्या झाल्या की मुलांची सहामाही. ती आटोपली की पहिल्या गाडीने निघते. तोवर मला टाकून कुठे जाऊ नका.

तुमचा लोभ मला कधी मागावा लागला नाही, आज मागते.
तुमची,
साधना


अनसिंग
१६ सप्टेंबर

साधनाताईंना राखीचा नमस्कार.

पत्र पोचलं. एक अक्षर जोडलं नाही, एक सोडलं नाही.

आधी तर त्यांनी भिताडाकडं तोंड केलं होतं. कडुनिंबाचा पाला आला तसे इकडं वळले. मले वाटलं, लागलं ठिकाणी. वाचता वाचता माहाच आवाज फाटला. तेवढ्यात त्यांनी हात वर करून मले थांबवलं.

त्यांले वाटलं, मीच बनवून वाचून राह्यली. पाल्याचं त्यांनीच मले कधी सांगतलं होतं, लकव्याच्या आधी, तेबी त्यांच्या ध्यानात असंल. मी म्हटलं, मामाजी, हे ताईंचंच आहे. लेकरांची शपथ घेतली. कागद त्यांच्या हातात देला. त्यांनी तो चाचपला अन् मले परत देला. तुमच्या भावाले वाचाले लावलं, तर त्याच्याकडं तोंड करून मान हालवली, तूबी सामील आहे म्हणून.

मंग डावा हात माह्या डोक्यावर ठेवला. लई वेळ ठेवला, कुरवाळला. मी रडत होती, ते त्यांले वाटलं माही चोरी पकडली म्हणून.

गादी त्यांनी घेतली नाही. सहामाहीचं तुमचं तुमी ठरवा, पण आता कागद धाडू नका. तुमच्या तोंडचं काहीबी इथं माह्याच नावावर जमा होते.

लोभ काय असंल तो येऊन त्यांच्या हातात द्या.
राखी