नलूची चहापुडी

४ डिसें. ७८, सेलू
सकाळी बाबांशी पुन्हा वाजलं. कॉलेज सोडलं ते सोडलं, दुकानात तरी धड बस म्हणतात. बसलो. खुल्या चहापत्तीत सुंठ कुटून घातली, करून प्यायलो. जास्त झाली. कमी केली.
दुपारी नलू आली, मागच्या गल्लीतल्या मास्तरांची. म्हणाली, "मागच्या पुडीत वेलचीची टरफलं होती ना जी?" बरोबर. दर खेपेला मी काहीतरी टाकतो, ती ओळखते. बोलणं एवढंच. भाऊ म्हणत नाही, तेवढं बरं.

९ डिसें.
गवती चहा सावलीत वाळवून कातरला, पत्तीत मिसळला. बाबा: "गिऱ्हाईक पत्तीचे पैसे देते, गवताचे नाई." कप मात्र पुन्हा भरून मागितला.
नलूला विचारलं, ओळख. "सांगत नाई. आणखी द्या, मग पाहू." हसली. नंतर तेलाऐवजी रॉकेल मापत होतो.

१५ डिसें.
मास्तर स्वतः आले. "पावभर पत्ती बांध. परवा समुद्रपूरचे पाहुणे येऊन राह्यले, नलूले पाहाले. चहा तीच करन."
डोकं फिरलं. मिरे, लवंग, ओवा, सगळं भरडून पत्तीत. घशाखाली उतरू नये अशी पुडी बांधली.
पुडी गेल्यावर सुचलं. पाहायच्या दिवशी चहा मुलीच्या हातचा. वाईट झाला तर नावं तिलाच ठेवतील. गाढव आहे मी.

१६ डिसें.
विहिरीवर नलूला गाठलं. साध्या पत्तीची पुडी दिली, खरं काय ते सांगितलं. "कालची फेकून दे. उद्या हीच उघड."
"आन् हे मले काऊन सांगता? माह्या बाबाले सांगा ना, काय सांगाचं ते."
पुडी घेऊन गेली. चिडली की काय, कळलं नाही.

१७ डिसें., रवि.
दिवसभर दुकानात. कुणावर खेकसलो ते आठवत नाही.
संध्याकाळी पाहुणे एस.टी.कडे निघाले. मुलगा दुकानात शिरला. सभ्य, खिशाला पेन. राग यावा असं त्याच्यात काही नाही, म्हणून जास्तच आला.
"मास्तरनं पत्ती इथूनच नेली म्हणे. तीच द्या पावभर."
"कशी लागली?"
"जहाल, भाऊ. ओवा होता का काय. मले ठसका लागला. पण आमच्या बाबाचा खोकला बसला. पोरीच्या हाताले गुण आहे म्हणतात."
म्हणजे साधी पुडी तिनं उघडलीच नाही.
पत्तीत ओवा भरडून दिला. पैसे घ्यायचे राहिले, त्यानंच आठवण करून दिली. होय-नाही आठवड्यात कळवणार आहेत.
तो गेल्यावर बाबांना म्हटलं, मास्तरांकडे चला माझ्यासोबत. आत्ता. कशाला, ते विचारलं नाही त्यांनी. वजनं पुसत राहिले. मग म्हणाले, "पह्यले दाढी कर."