कागदाचं सूत

पडेगाव,
६ जानेवारी २०२५

ती. योगिनीताईस, धाकट्या अजिनाथचा शि. सा. न. वि. वि.

नानासाहेबांच्या संस्कृतीनं माझ्या कागदाच्या सुताला अर्धी बादली पाणी टांगलं आणि सूत तुटलं नाय, त्या घडीला माझं सगळंच बदललं. कॉलेज सोडल्यापासून मी घरात नुसता खाणारा होतो, आता कातणारा झालो.

फोन लागत नाय म्हणून घाबरू नको. तिच्या वडलांनी, नानासाहेबांनी, पोरीचा नाद सोड म्हणून दम भरला. मी फोन भिंतीवर हाणला. भिंत शाबूत आहे.

कागजीपुऱ्यातून हातकागदाच्या कातरून उरलेल्या पट्ट्या आणतो. त्या ओल्या फडक्यात निजवतो आणि अंबाडीच्या वाखाचा धागा जोडून आबांच्या चातीला फिरकी मारून पीळ देतो. आधी लोकरीसारखं कोरडंच कातायचो, कागद कटाकट तुटायचा. मेंढरामागं चालताना आबा याच चातीवर लोकर कातायचे, तुला आठवत असंल. इथं राहायला आल्यावर गल्ली हसली म्हणून त्यांनी ती माळ्यावर टाकली होती. आता ओट्यावर बसून उघड कातत्यात. बोलत काय नायत, पण माझा पीळ सैल पडला की खाकरत्यात.

एकोणीस तारखेला, रविवारी, नानासाहेबांनी बोलावलंय. काय करतोस ते समोर येऊन सांग म्हणले. संस्कृती मिळणार का नाय, ते त्या एका उत्तरावर आहे. भाऊजींना नमस्कार. माया पातळ करू नको.

तुझा अजिनाथ

सिल्लोड,
११ जानेवारी २०२५

चि. अजिनाथास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे लई हसले, भिंतीची खुशाली विचारली आहे. आबा परत कातत्यात हे वाचून मला भरून आलं. पण ऐक. नानासाहेब जमीनजुमल्याचा माणूस, आपण मेंढरामागचे. त्यांच्यापुढं चातीचं नाव काढू नको. चितेगावच्या कंपनीत लागलो म्हण. यांच्या ओळखीनं तुला तिथं खरंच चिकटवते, मग ते खोटं राहायचं नाय. पोरगी गमावू नको, येड्या. डोकं थंड ठेव, आबांना जप, बहिणीला विसरू नको.

तुझी ताई

पडेगाव,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागवायचं तेवढं रागव, पण जीव आहे तसाच लाव. हे आधीच लिहितो, शेवटी सुचायचं नाय.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. निघताना आबांनी सुताची गुंडी आपल्या धुतलेल्या टावेलात बांधून पुढं केली. मी म्हणलं, राहू द्या, तिथं कशाला. ते उठले, चाती घेतली आणि ओट्यावरनं आत जाऊन बसले. मग मीच आत गेलो, त्यांच्या मांडीवरची गुंडी उचलली आणि निघालो.

नानासाहेबांनी चहा दिला, मग विचारलं. मी गुंडी टेबलावर ठेवली. म्हणलं, "मी कागद कातून सूत करतो. चाती माझ्या बापाची आहे."

ते हसले. शिकायला पाठवलेलं पोर फिरून चातीवरच आलं म्हणले. मग समजुतीनं म्हणले, कंपनीत मीच लावून देतो, हे सोड, मग पोरीचं बोलू. आतल्या दारात संस्कृती उभी होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नाय, कातणं सोडू नको म्हणून.

मी हात जोडले, सोडणार नाय म्हणालो आणि उठलो. दार आपटायचं लई मनात होतं. बाहेर आलो आणि हळूच ओढून घेतलं.

अजिनाथ