मागच्या डाव्या दारावरचा डाग

२९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ
कमान बसली. भाड्याने दिलेली गाडी परत आली की तिच्याखालून न्यायची. अकरा कॅमेरे, अर्धं मिनिट. नवा ओरखडा, पोचा, डाग, काहीही असो, स्क्रीनवर लाल गोल. सगळ्या गाड्यांचे कोरे फोटो आजच काढून ठेवले, त्यांच्याशी ताळा होतो. मी फक्त बटण दाबायचं: 'मान्य' किंवा 'हरकत'. दोनदा मान्य झालं की गिऱ्हाइकाचा नंबर सहा महिने लॉक.
मार्चनंतर अमरावती आणि अकोला मिळून एकच ब्रँच राहणार, असा मेल आहे. म्हणजे इन्चार्जची खुर्चीही एकच. अकोल्याच्या इन्चार्ज भावना मॅडम गिऱ्हाइकांना चहा पाजतात. पाजोत. मी मशीनच्या बाजूने राहणार.
संकल्प: 'हरकत' हे बटण दाबायचंच नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
कमानीची यथासांग पूजा केली. झेंडूचं तोरण, नारळ, खांबांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक. मशीनला कपाळ नसतं, म्हणून हात पोचला त्या कॅमेऱ्यालाच टिळा लावला. काउंटरवरची प्रणाली म्हणाली, सर, काच पुसून घेऊ का. लावलेला टिळा लगेच पुसणं अशुभ असतं हे तिला समजावलं. आजकालच्या मुलींना सांगावं लागतं.

७ ऑक्टोबर
सलग पाच गाड्या. पाचही गाड्यांच्या मागच्या डाव्या दारावर लाल डाग. मला दोन मिनिटांत उलगडा झाला: तंबाखू-सुपारीचा खर्रा. मागे बसणारा डावीकडे थुंकतो, कारण उजवीकडून ट्राफिक येतं. थुंकताना मात्र आपली माणसं नियम पाळतात.
प्रणाली बाहेर जाऊन दार बघून आली. म्हणे दार स्वच्छ आहे. डोळ्यांना सगळंच दिसत असतं तर कंपनीने मशीन कशाला पाठवली असती? पाच वेळा मान्य.
'गाडीतून थुंकू नये' असा बोर्ड रंगवायला टाकला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
खुशालराव येऊन गेले. रिटायर्ड तलाठी, इथलेच. दर तिसऱ्या मंगळवारी गाडी नेतात, बायकोला, सुभद्राबाईंना, केमोसाठी अकोल्याला. स्वतः चालवतात, चाळीसच्या वर नाही. त्यांच्याही दारावर डाग. मी बोर्डाकडे बोट केलं. ते म्हणाले, आमच्या घरात सुपारीसुद्धा येत नाही. सगळे असंच म्हणतात. मान्य.
वाईट वाटलं. पण खुर्चीवर बसून वाईट वाटून घ्यायचं नसतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ऑफिसची गाडी माझ्या नावावर घेऊन अकोटला बहिणीकडे जाऊन आलो. परत आल्यावर कमानीखालून नेली. मागच्या डाव्या दारावर डाग.
मी खर्रा खात नाही. गाडीत मी एकटाच होतो. तेव्हा माझी गोष्ट वेगळी. 'हरकत' दाबलं. कारण विचारतं. यादीतलं पहिलंच निवडलं आणि घरी आलो. इतक्या बारीकसारीक गोष्टी रोजनिशीत लिहायची खरं तर गरज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
खुशालरावांचा दुसरा डाग. मान्य दाबलं, नंबर लॉक झाला. स्क्रीनच बोलते, आपल्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही. मी सुचवलं की टॅक्सी करा, ड्रायव्हरसकट मिळते. खुशालरावांनी गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. मग म्हणाले,
"देवानंदभाऊ, टॅक्सी मले परवडते. पन ड्रायव्हर असला का बायको उलटी दाबून धरते. परक्या मानसाले थांबा म्हनाले लाजते. माया संग लाजत नाही."
मी म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही. हे वाक्य मला फार चांगलं जमायला लागलं आहे.
प्रणाली दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या वागणुकीची नोंद करायला हवी.

१५ नोव्हेंबर
अठरा नंबर लॉक. अकोल्यात दोन. यावरून दक्षता कुठे आहे ते कळतं.
गिऱ्हाईक वागणुकीसाठी तारे देतं, ते पाचावरून दीडवर आलेत. सत्याला कोणी तारे देत नाही.
गाड्या आवारात रांगेने उभ्या. कोणी नेत नाही. पाहावं तर सगळ्या स्वच्छ. संध्याकाळी त्यांच्यामधून चालताना कमानीचा लाल दिवा माझ्याकडेच बघतोय असं वाटलं. थकवा असेल. उद्यापासून प्राणायाम.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी सात
शटर उघडायच्या आधीच पायरीवर खुशालराव आणि सुभद्राबाई. बाईंना मी पहिल्यांदाच पाहिलं. डोक्याला स्कार्फ, हातात प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्यांची घडी. कशाला, ते मी विचारलं नाही.
एकदा पाहा म्हणाले. नंबर टाकला. लॉक. प्रणाली म्हणाली, सर, माझ्या नावावर देऊ का. मी नियम सांगितला. माझा आवाज जरा चढला असेल. सुभद्राबाई उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या,
"चला नं. कायले हात जोडता."
त्यांनी टॅक्सी बोलावली. मी आत जाऊन प्राणायाम केला. जमला नाही.

२६ नोव्हेंबर
हेड ऑफिसचा मेल: शुक्रवारी माणूस येतोय, सोबत भावना मॅडम. मला वाटलंच होतं. जॅकेट प्रेसला टाकलं. भाषणाचे चार मुद्दे काढले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आलेल्याचं नाव कुलदीप. चहा नको म्हणाला. थेट कमानीखाली गेला, स्टुलावर चढला आणि खिशातल्या रुमालाने एका कॅमेऱ्याची काच पुसली. रुमाल लाल झाला. कुंकू होतं. माझंच. भावना मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
आत येऊन त्याने यादी काढली. चव्वेचाळीस डाग, त्रेचाळीस मान्य. एक हरकत, तारीख तेवीस ऑक्टोबर. कारण त्याने मोठ्याने वाचलं:
"कॅमेऱ्याची काच अस्वच्छ."
प्रणाली खाली बघत होती.
सगळे नंबर उघडले. दोन्ही ब्रँच आता भावना मॅडमकडे. मला रोज सकाळी अकरा काचा पुसायच्या आहेत.
खुशालरावांना मीच फोन केला. नंबर सुरू झाला, चूक आमची होती, असं म्हणालो. 'माझी' म्हणायचं ठरवलं होतं. ते शांतपणे म्हणाले,
"मूर्तिजापूरपर्यंत तिनं तोंडात पदर कोंबून धरला, पन ड्रायव्हरले थांब म्हनलं नाही. आता अकोल्याचं नावच काढू देत नाही. गाडी नेऊन मी काय करू?"

१ डिसेंबर, सोमवार
काचा पुसल्या. पुढचा तिसरा मंगळवार सोळा तारखेला येतो. एक गाडी त्यांच्या नावाने वेगळी काढून ठेवली आहे. त्यांनी मागितलेली नाही.